कापसाच्या खोलीपलीकडचं वायफाय

त्या वर्षी आमच्या मधल्या खोलीत माणसं राहत नव्हती, कापूस राहत होता. दिवाळीनंतरच्या पहिल्या वेचणीपासून जो भरायला सुरुवात केली, तो महाशिवरात्रीपर्यंत आढ्याला टेकला. मागच्या खोलीत जायचं तर भिंतीला पाठ घासत, एका अंगानं सरकत जावं लागायचं. आदल्या वर्षी भाव चांगला चढला होता आणि लवकर विकून टाकणारे सगळे हळहळले होते. म्हणून या वर्षी गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरानं कापूस धरून ठेवला, आणि भाव मात्र दर आठवड्याला थोडाथोडा खाली सरकत गेला. आमचे हे रोज सकाळी मोबाईलवर भाव बघायचे, मोबाईल खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "आनखी आठ दिवस थांबू."

घरात कापूस साठवला की अंगाला खाज सुटते, हे कापसाच्या मुलखात कुणाला सांगावं लागत नाही. खोबरेल तेलात कापूर घालून आम्ही दोघं हातापायाला चोळायचो. कापूस निदान गुरांच्या पत्र्याच्या खोलीत हलवा, असं मी तीन महिने म्हणत होते. तिथं बैल होते तेव्हा गोष्ट वेगळी, आता बैल विकल्यावर खोली रिकामीच होती. पण ह्यांचं म्हणणं, "दोनदा कोन हलवते? एकदाच गाडीत भरू."

माझं डी.एड. झालेलं आहे. शिक्षिकेच्या नेमणुकीची वाट बघत लग्न झालं, वाट बघतच चाळिशी आली. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडपासून जीपनं पंधरा-वीस मिनिटांवर. शेत सहा एकर, कोरडवाहू, त्यातलं चार एकर दर वर्षी कापसाखाली. बीटी बियाण्याची पाकिटं आली तेव्हा सगळे म्हणत होते की आता बोंडअळीची चिंता मिटली. काही वर्षं खरंच मिटली. मग गुलाबी अळी पुन्हा आली, बाहेरून धडधाकट दिसणारं बोंड फोडलं की आत काळं. अशी दोन वर्षं लागोपाठ गेल्यावर मी ठरवलं, की शेताकडे बघत बसायचं नाही, आपल्याला येतं ते काहीतरी करायचं.

काम आलं ते अगदीच अनपेक्षित दिशेनं. माझ्या डी.एड.च्या मैत्रिणीची मावसबहीण कॅनडात राहते. माहेर मलकापूरचं, नवरा पुण्याचा, मुलगी सात वर्षांची. मुलीला मराठी समजायचं, पण उत्तर इंग्रजीतून द्यायची. मलकापूरच्या आजीला इंग्रजी येत नाही. फोनवर दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या आणि गप्प बसायच्या. त्या बाईंनी मला फोन केला आणि म्हणाल्या, "ताई, पुस्तकातलं मराठी शिकवणारे लई हायेत. मले अशी बाई पाह्यजे, की पोरगी माह्या मायशी बोलली पाह्यजे."

पहिला तास ठरला रविवारी सकाळी आठला. तिकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते.

मोबाईलवर शिकवता आलं असतं, पण मला अक्षरं लिहून दाखवायची होती, ती मोठी दिसायला हवी होती. म्हणून देऊळगाव राजाला बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासमधून ह्यांनी कॅमेऱ्यासकट एक जुना कॉम्प्युटर आणला. जीपच्या मागच्या सीटवर, गोधडीत गुंडाळून, मांडीवर धरून. केबलवाल्यानं गावात नुकतीच नेटची लाइन आणली होती. त्यानं बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी वायफायची पेटी बसवली, मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला ते जोडून दिलं, पासवर्ड एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि गेला. बाहेरच्या खोलीत शेजारीपाजारी, व्यापारी, दुधवाला यांची ये-जा, म्हणून शिकवायचं ते मागच्या खोलीतच, हे मी ठरवून टाकलं होतं.

शुक्रवारी मी मराठी टंकलेखन चालू करून घेतलं आणि धड्याची पानं तयार केली. क, ख, ग, मोठ्या अक्षरांत. शनिवारी दुपारी त्याच डी.एड.च्या मैत्रिणीला कॉम्प्युटरवरून व्हिडिओ कॉल लावून तालीम केली, तर तिचा चेहरा सारखा अडकत होता. ती म्हणाली, "वायफायवर जा, तिथं 'फर्गेट' असं लिहिलेलं असेल, ते दाब आणि परत जोड. माझं असंच नीट झालं होतं." मी दाबलं. कॉम्प्युटर खरोखरच विसरला. परत जोडायला गेले, त्यानं पासवर्ड मागितला. कपाट उघडून कागद बघत मी एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर काळे ठिपके उमटले. थोडा वेळ गोल फिरलं आणि उत्तर आलं, की जोडता येत नाही.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. चौथ्या वेळीही तेच.

केबलवाल्याला फोन लावला. मागं बँड वाजत होता. तो मलकापुरात नात्यातल्या लग्नाला गेला होता. "ताई, पेटी बंद करून परत चालू करा."

केली. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग दोन्ही एकदम. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा तो म्हणाला, "उद्या सांजच्याले येतो. वरात निघाली."

"उद्या सकाळी आठला माझा तास आहे."

"मंग परत एकदा बंद-चालू करून पहा," तो म्हणाला आणि बँडच्या आवाजात फोन तुटला.

हे शेतातून आल्यावर हातपाय धुऊन कॉम्प्युटरसमोर उभे राहिले. मोटरपंप, फवारणीचा पंप, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर, सगळं त्यांना उघडता येतं. इथं उघडायला काही दिसेना. त्यांनी मागच्या सगळ्या वायरी दाबून बघितल्या, पेटीवर फुंकर मारली, पुसली. शेवटी म्हणाले, "मोबाईलवर चालते का नेट?"

ही गोष्ट मला सुचलीच नव्हती. बाहेरच्या खोलीत मोबाईल छान चालत होता. तोच मोबाईल घेऊन मागच्या खोलीत आलो, तर जोडणीच्या चार रेघांतली एकच उरली.

एवढ्यात कुंपणापलीकडचे चाचा आले. चाचा आणि चाची आमचे सख्खे शेजारी. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गाद्या भरायचं काम. चाचांनी तरुणपणी खांद्यावर धनुकली घेऊन धाडच्या बाजारापासून देऊळगावापर्यंत गावोगाव कापूस पिंजला होता. आता मशीन आहे, पण कापसाबद्दल काही अडलं की अख्खी गल्ली त्यांनाच विचारते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन्ही खोल्यांत मोबाईल धरून रेघा बघितल्या आणि मधल्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"बाई, गादीच्या ढिगामागं उभं राहून हाक मारली तं ऐकू येते का?"

"नाही."

"कापूस आवाज खाऊन टाकते. मंग हे तुमचं वायफाय काऊन नाई खानार?"

हे माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. तीन महिने मी जे मागत होते ते असं आपल्या पायानं दारात येऊन उभं राहिलं होतं. मी शहाण्यासारखी गप्प बसले.

"हलवा लागते मंग," हे म्हणाले.

चार वाजता सुरुवात झाली. चाचींनी तोंडाला ओढणी बांधली, मी पदर बांधला. गोणपाटाच्या मोठ्या पल्लीत कापूस भरायचा, चार टोकं धरायची, मागच्या दारानं अंगण ओलांडून पत्र्याच्या खोलीत ओतायचा. पाचव्या खेपेला समोरच्या घरातले दोघे भाऊ विचारायला आले की भाव चढला का, गाडी आली का. "नाई, वायफाय अडकलं," ह्यांनी सांगितलं. ते दोघे पल्ली धरायला लागले. मग त्यांची आई आली. अंगणात पांढरे पुंजके उडत होते, कोंबड्या त्यांच्यामागं धावत होत्या. चाची मध्येच थांबून कापूस मुठीत दाबून बघायच्या आणि सांगायच्या, "ये अच्छा है, ये अलग रखो. अन् त्यामंदी कवडी हाय." कवडी म्हणजे किडलेला, पिवळा पडलेला कापूस. मधल्या थरात तो बराच निघाला. ह्यांनी हातातली पल्ली खाली ठेवली. चाचा म्हणाले, "अरे, त्याच्या उशा होतील. वाया काई जात नाई." मग पुन्हा काम सुरू झालं.

दिवेलागणीला खोली रिकामी झाली. जमीन दिसली. तीन महिन्यांपूर्वी हरवलेला माझा चिमटा सापडला, आणि ह्यांची एक चप्पल. सगळ्यांसाठी मी चहा ठेवला. चाचा-चाची, ते दोघे भाऊ आणि त्यांची आई, सगळे मागच्या खोलीत दाटीवाटीनं उभे राहिले. मोबाईलवर आता तीन रेघा दिसत होत्या. चाचांनी मान हलवली. मी कपाट उघडून पासवर्ड बघत एकेक अक्षर दाबलं. ठिपके उमटले. गोल फिरलं.

जोडता येत नाही.

समोरच्या घरातल्या आई म्हणाल्या, "चहा चांगला झाला होता," आणि सगळे आपापल्या घरी गेले. अंगाला इतकी खाज सुटली होती की त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी गरम पाण्यानं अंघोळ केली आणि जेवलो. मला रडू येत होतं, पण ते कॉम्प्युटरचं नव्हतं. वीस वर्षांनी कुणीतरी मला शिकवायला बोलावलं होतं आणि मी वर्गाच्या बाहेरच अडकले होते.

रविवारी सहाला उठले तेव्हा हे आधीच उठून मागच्या खोलीत उभे होते. "आपन एक केलं नाई," ते म्हणाले. "कापूस हलवला. कॉम्प्युटर नाई हलवला."

काल सात माणसं अडीच-तीन तास राबली होती आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मला हसू आलं, मग त्यांनाही. त्यांनी प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली, परत लावताना चुकायला नको म्हणून. एकाच फेरीत सगळं उचलून बाहेर आणलं, टीव्ही काढून त्याच्या जागी मांडलं. आता कॉम्प्युटर आणि वायफायची पेटी यांच्यात वीतभर अंतर होतं. मी अक्षरं दाबली.

जोडता येत नाही.

सात वाजले होते. मी कॅनडाच्या बाईंना मोबाईलवरून कळवलं, की थोडी अडचण आहे, पण आठला मी येते. का येते म्हणाले कोण जाणे.

निकाल काय लागला ते बघायला चाचा दात घासतच कुंपणापाशी आले होते. ते चूळ भरून आत आले आणि माझ्या मागं उभे राहिले. चाचांचं शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत. मराठी ते पाट्यांवरून वाचायला शिकले होते. आकडे सोडले तर इंग्रजीतलं त्यांना काही येत नव्हतं.

"बाई, तुम्ही दाबता ते दिसत काऊन नाई? नुसते ठिपके दिसून राह्यले."

"पासवर्ड असतो ना चाचा. कुणी बघू नये म्हणून झाकतात."

"आपल्याच घरात कोनापासून झाकता?" ते म्हणाले. मग पुढं वाकून त्यांनी पडद्याला बोट लावलं. "अन् हा डोळा कायचा काढला हाय?"

ठिपक्यांच्या रांगेच्या शेवटी खरंच एक बारीकसा डोळा होता. काल दुपारपासून तो तिथंच होता आणि मी त्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. मी त्यावर बाण नेऊन दाबून धरलं. ठिपके नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी अक्षरं आली.

चाचांनी कपाटावरून काढून आणलेला कागद हातात घेतला, पडद्याशेजारी धरला आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. "मले हे वाचता येत नाई," ते म्हणाले, "पन कागदावरचं अन् इथलं एक नाई. हे तं आपल्याकडलं लिहिनं हाय."

पडद्यावर क होता, प होता, एक सुटा उकार होता, कशाचा कशाला मेळ नव्हता. मी शुक्रवारी चालू केलेलं मराठी टंकलेखन चालूच होतं. मी इंग्रजी अक्षरं दाबत होते आणि कॉम्प्युटर ठिपक्यांच्या आड मराठी लिहीत होता. दुपारभर, संध्याकाळभर, सकाळभर. ह्यांनी वाकून पडद्याचा खालचा कोपरा बघितला. तिथं भाषेचं नाव दाखवायला दोनच अक्षरं होती.

"इथं तं 'मरा' लिहिलं हाय," ते म्हणाले.

"मराठीतलं मरा," मी म्हणाले.

"ते पुरं लिहाले काय झालं होतं त्याले?"

मी भाषा बदलली. अक्षरं पुन्हा दाबली, या वेळी डोळा उघडा ठेवून. गोल फिरलं, आणि जोडलं गेलं. चाचांनी कागद नीट घडी करून माझ्या हातात दिला. मी त्यांच्या पाया पडले. ते मागं सरकले आणि म्हणाले, "अरे बाई, मी काई केलं नाई. मी तं नुसतं इचारलं."

आठला दहा मिनिटं होती. कॉम्प्युटर परत मागं न्यायला वेळ नव्हता. ह्यांनी बाहेरच्या दाराला कडी घातली आणि स्वतः ओट्यावर राखण करायला बसले. मी साडी बदलली, कुंकू लावलं आणि खुर्चीवर बसले.

पडद्यावर एक दोन वेण्यांची मुलगी आली. शेजारी तिची आई. मागं खिडकी होती आणि खिडकीबाहेर दिव्याच्या उजेडात पांढरंशुभ्र. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत राहिली, मग आईला इंग्रजीत काहीतरी म्हणाली. आई हसायला लागली.

"ती इचारून राह्यली, तुमच्याकडं पन बर्फ पडला का."

मी केसांना हात लावला. घाईत केस विंचरले नव्हते आणि कानामागं कापसाचे पुंजके तसेच होते. तयार केलेली क, ख, ग ची पानं मी बाजूला ठेवली. केसांतला एक पुंजका काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

"हा बर्फ नाही. हा कापूस."

"कापूस," ती म्हणाली. तिचा पहिला शब्द तो. मी तो पुंजका उलगडला आणि आतली सरकी काढून दाखवली. ती म्हणाली, "सरकी." तेवढ्यात ओट्यावरून ह्यांचा आवाज आला, कुणाला तरी सांगत होते, "आत शाळा चालू हाय, मंग ये." मुलीनं विचारलं की कोण बोललं, आणि तिला हवं म्हणून मी ह्यांना आत बोलावलं. हे दारात उभे राहिले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "काय करून राह्यली, बाई?" ती जे हसली, ते तिला पाच मिनिटं आवरेना. तिची मलकापूरची आजी अगदी असंच विचारायची म्हणे.

अर्ध्या तासाचा वर्ग सव्वा तास चालला.

पुढं दर रविवारी चालू राहिला. दोन महिन्यांनी तिच्या पुण्याच्या वडिलांनी एकदा नम्रपणे हरकत घेतली. "मॅडम, ती 'मी येतो' म्हणते. मुलींनी 'मी येते' म्हणायला हवं ना?" मी त्यांना सांगितलं, की आमच्याकडे बायकाही 'मी येतो'च म्हणतात, तिची आजीही म्हणते. वडिलांशी बोलताना 'येते' म्हणायचं आणि आजीशी बोलताना 'येतो', असं मी तिला समजावलं, आणि सात वर्षांच्या मुलीला ते आमच्यापेक्षा लवकर कळलं.

कापूस शेवटी मे महिन्यात गेला. भाव काही चढला नव्हता, पण चाचींनी निवडून वेगळा काढलेला चांगला कापूस वेगळाच विकला गेला आणि बरा गेला. रिकाम्या मधल्या खोलीला ह्यांनी चुना मारला, तिथंच टेबल टाकलं, आणि त्या पावसाळ्यात चार एकरांपैकी दोन एकरांत कापसाऐवजी सोयाबीन पेरलं.

मलकापूरच्या आजीचा मला फोन आला तो पेरणीच्या दिवसांत. त्यांचा-माझा कधी परिचय नव्हता. त्या म्हणाल्या, "बाई, काल नातीनं फोन केला. मी जराशी गप्प बसली तं मले म्हनते, 'आजी, तू काऊन बोलून नाई राह्यली?' मी घरातल्या साऱ्याइले बोलावून ऐकवलं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "माही दुसरी लेक दुबईले हाय. तिचा पोरगा घेता का तुम्ही शिकवाले?"

मी त्यांना म्हणाले, की बुधवारी संध्याकाळी मला वेळ आहे.